कोपरा

वडगावात करंट गेला की
आधी माग थांबतात, मग पोरं उठतात.
माझा सोमू खडखडाटातच जन्मला,
शांत झालं की दचकून रडतो.
त्यामुळे माझं शिवण
विजेच्या खांबावरच्या माणसाच्या मर्जीनं उठतं-बसतं.

ही वाकळ धरली तेव्हा
रेणू पोटात होती, सातवा महिना.
वर आईचं इरकल लुगडं, आत आप्पांची दोन धोतरं,
आणि हिशेब सोपा: रोज वीतभर,
बारशाला तयार.

रेणू आता पहिलीत जाईल.

मधल्या काळात काय शिवलं नाही?
यळ्ळूरच्या सात पोरांचे शाळेचे ड्रेस,
निंगव्वाच्या लेकीचा लग्नातला ब्लाऊज, बाही तीनदा उसवून,
गुंडूच्या रिक्षाची सीटसुद्धा.
वेळेवर नाही, पण दिलं.
गिऱ्हाइकाला मराठीत उद्या सांगायचं, कन्नडात नाळे,
थापेला दोन्ही भाषा सारख्याच येतात.
वाकळीला काही सांगावं लागत नाही.
ती ट्रंकेवर घडी होऊन बसलेली,
घरात एकटीच,
जिला माझ्याकडून आत्ताच्या आत्ता काही नको.

नवरा मागावरनं तुटक्या धाग्यांची पिशवी आणतो,
कानात खडखड भरलेली, म्हणून मोठ्यानं बोलतो:
"मशीनवर टाक की एकदाची, तासाभरात होईल."
होईल.
मलाही माहीत आहे.

सुई मोजून काढायची, मोजून ठेवायची.
पोर मांडीवर येण्याआधी
सगळ्या सुया कुंकवाच्या करंड्यात.
एकदा एक कमी आली.
त्या दुपारी मी सोमूचं तोंड, मुठी, लंगोट,
अख्खी चटई बोटांनी वाचली.
माझ्याच पदराला टोचलेली निघाली.
हसले.
मग बराच वेळ नुसतं पाणी पीत बसले.

रेणूलाही टाके घालायचे असतात.
तिला बोथट दाभण दिलं, लाल दोरा.
तिचे टाके मुंगीचे नाहीत, बेडकाचे:
इथून उडी, थेट तिथं.
झोपली की उसवीन म्हटलं, नीट घालीन.
कात्री हातात घेतलीही.
मग कात्री कुठं ठेवली ते आठवत नाही,
बेडूक मात्र आहेत, आईच्या काठावर, सगळे अकरा.

काल रात्री तीन कोपरे मिटले, चौथा आला.
सासूबाई अंथरुणातनं म्हणाल्या,
"उपाशी वाकळ मिटवू नये गं.
तुकडाभर भाकरी घाल आत,
नाहीतर पांघरणाऱ्याची झोप खाते."
जोंधळ्याच्या भाकरीचा तुकडा काढून ठेवला.
दोरा ओवेपर्यंत तो सोमूनं खाल्ला,
दोन दातांनी, मन लावून.
टोपल्यात दुसरी भाकरी नव्हती.
रेणूनं फ्रॉकच्या खिशातून चुरमुरे काढले,
आदल्या दिवसाचे, सादळलेले, एक फुटाणा मध्ये,
आणि कोपऱ्यात सोडले.
"हिला पण भूक लागली असंल की."

शेवटची गाठ मारली. दोरा दातानं तोडला.
सहा वर्षं,
आणि आवाज एवढासाच: खुट्ट.

दोघं तिच्याखाली झोपली.
कुणाचा पाय हलला की कोपरा कुरकुरायचा.
मी भिंतीला टेकून बघत राहिले,
हातांना काय द्यावं सुचेना.

सकाळी मुंग्या.
निंगव्वाच्या भिंतीपासून निघालेला धावदोरा,
सरळ, एकसारखा, मला जन्मात न जमलेला,
चौथ्या कोपऱ्यात शिरत होता.
सासूबाई हसता हसता खोकल्या.
सोमू एका मुंगीला बोटानं वाट दाखवत होता.

वाकळ उन्हात झटकली,
करंड्यातनं सुया काढल्या, मोजल्या,
आणि पलीकडे माग सुरू होईपर्यंत थांबून
कोपरा उसवायला बसले.